आम्ही दोघंही आपली वाट पाहत आहोत

दातांचे दोन डॉक्टर होते, नवरा आणि बायको. दवाखाना एक, खुर्च्या दोन आणि कॉम्प्युटर एक. लग्न मोडलं तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी गावभर सांगितलं की ते अगदी समजूतदारपणे वेगळे झाले. त्यांची भांडणं रिकाम्या खुर्चीशेजारी ड्रिल चालू ठेवून होत असत, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्यांना फक्त ड्रिल ऐकू यायचं. तेवढा समजूतदारपणा खरंच होता.

वाटण्या झाल्या. एकेक खुर्ची दोघांना. पेशंटांनी हवं त्याच्याकडे जावं असं ठरलं. डॉक्टर गोड बोलायचे आणि डॉक्टरबाईंचं इंजेक्शन दुखत नसे. म्हणून गप्पिष्ट लोक डॉक्टरांकडे गेले आणि ज्यांचं खरोखर दुखत होतं ते डॉक्टरबाईंकडे राहिले. एकमेकांपासून लांब जायला दोघंही तयार होते, फक्त जाण्याचे कष्ट दुसऱ्याने घ्यावेत असं दोघांचं मत होतं. शेवटी डॉक्टर लांब गेले, म्हणजे तळमजल्यावरून त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर.

अडलं ते कॉम्प्युटरपाशी. एक्स-रेचा प्रोग्राम त्यात होता, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तो दुसऱ्या मशीनवर नव्याने टाकायचा तर कंपनीची परवानगी लागे, आणि परवानगी द्यायला कंपनीत कोणी उरलं नव्हतं. तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यांना सगळे रीस्टार्टराव म्हणत, कारण कुठल्याही आजारावर त्यांचा पहिला उपाय तोच असे, आणि बऱ्याचदा शेवटचाही.

"डिस्कची इमेज घेऊ," रीस्टार्टराव म्हणाले.

"म्हणजे फोटो?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोटो काय करायचाय? जुळं. फायली वेगवेगळ्या कॉपी करायच्या नाहीत. आख्खी डिस्क जशीच्या तशी उचलायची. विंडोज, प्रोग्राम, सेटिंग, कचरा, सगळं. त्याची एक मोठी फाइल होते. ती दुसऱ्या मशीनमध्ये ओतली की तिथे हाच कॉम्प्युटर उभा राहतो. त्याला कळतसुद्धा नाही की आपण दुसरीकडे आलोय."

"नशीबवान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इमेज घेतली, ती नीट उतरली आहे का हे तपासलं, आणि डॉक्टरांच्या नव्या मशीनमध्ये ओतली. नंतर दोन्ही मशीनवर वेगवेगळी नावं टाकली, पेशंटांना आपोआप जाणारे मेसेज बंद केले, भिंतीसारखा करडा रंग पडद्यावर लावला. ज्या काळ्या डिस्कवर ती इमेज होती ती डिस्क उरली. "मला कशाला हवी?" डॉक्टर म्हणाले. "मला कॉम्प्युटर मिळाला ना." मग ती डॉक्टरबाईंच्या कपाटात गेली.

त्यानंतर दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागू लागले. कॉलेजपासूनचं अरे-तुरे गेलं आणि अहो-जाहो आलं. जिन्यात भेट झाली की "नमस्कार डॉक्टर", "नमस्कार डॉक्टर". दोन परक्या देशांचे राजदूत भेटावेत तसे. डॉक्टरांच्या आई मात्र कवळी घट्ट करून घ्यायला अजूनही खालच्याच मजल्यावर यायच्या. "मुलगा माझा आहे," त्या सांगायच्या, "पण हात जड आहे त्याचा." डॉक्टरबाईंना त्या अजून सूनबाईच म्हणत. कोर्टाचा निकाल आपल्याला लागू होतो असं त्यांना कुणी पटवू शकलं नव्हतं.

डॉक्टरबाई दर शुक्रवारी दवाखाना आवरताना काळी डिस्क जोडायच्या, इमेज घ्यायच्या, आणि चार लोकांना कळेल अशा बेताने त्याबद्दल बोलायच्या. बॅकअप न घेणारी माणसं त्यांच्या मते ब्रश न करणाऱ्यांच्या जातीची. बोलताना त्यांची नजर छताकडे जायची. डॉक्टर छताच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, बॅकअप न घेता सुखाने राहत होते.

आणि मग एके सकाळी डॉक्टरांच्या खुर्चीत वकीलसाहेब पडलेले असताना तो प्रकार झाला. हे वकीलसाहेब म्हणजे तेच, ज्यांनी दोघांच्या घटस्फोटाचे कागद केले होते. दाढेच्या मुळाचं काम अर्धवट होतं, अर्धा जबडा बधिर होता आणि डॉक्टर पडद्यावरचा एक्स-रे बघून मूळ कुठवर गेलंय ते पाहत होते. कॉम्प्युटरमधून टक्, टक्, टक् असा आवाज आला. पडदा काळा झाला. वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

इतकी वर्षं विज्ञान शिकलेल्या डॉक्टरांनी सर्वप्रथम कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. मग दुसऱ्या बाजूने मारली.

"आँ आँ?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, काही नाही," डॉक्टर म्हणाले. पेशंटला असं सांगायची त्यांना सवय होती. त्यांनी दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, वकीलसाहेबांना बाहेर बाकावर बसवलं आणि रीस्टार्टरावांना फोन लावला.

रीस्टार्टराव आले. रीस्टार्ट केलं. मग मशीनच्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"गेली."

"कोण?"

"डिस्क. बॅकअप कुठे आहे?"

"तो तुमच्याकडे असेल ना?"

"माझ्याकडे? मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं की घेत जा."

"आणि मी घेतोय असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"वाटायचा संबंध नाही. सांगणं माझं काम, ते मी केलं." रीस्टार्टरावांनी हात झटकले, त्यांवर धूळ होती म्हणून आणि तसेही. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "एक इमेज आहे. जुनी. पण ती खाली आहे."

डॉक्टर दोन मजले उतरायला जितका वेळ लावता येईल तितका लावून उतरले.

"या डॉक्टर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दात दुखतोय का?"

"नाही. कॉम्प्युटर बंद पडलाय. डिस्क गेली."

"अरेरे. मग बॅकअपवरून उभा करून घ्या."

"नाहीये."

"काय नाहीये?"

"बॅकअप."

"ऐकू आलं नाही, कॉम्प्रेसर चालू आहे."

कॉम्प्रेसर बंद होता. डॉक्टरांनी तो बंद असल्याचं पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, यावेळी बाहेरच्या बाकालाही ऐकू जाईल असं. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर सहानुभूती पसरली. ती तिथे टिकवून धरायला त्यांना बरीच मेहनत पडत होती हे दिसत होतं.

"देते की. पण डिस्क मी कुणाच्या हाती देत नाही. मीच येते."

वेगळं झाल्यापासून त्या दुसऱ्या मजल्यावर पहिल्यांदाच येत होत्या. आत शिरताच त्यांनी खिडकीतलं वाळलेलं झाड पाहिलं, दिव्यावरची धूळ पाहिली, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "छान आहे."

रीस्टार्टरावांनी मेलेली डिस्क काढून नवी बसवली होती. पेनड्राइव्हवरून त्यांचा इमेजचा प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावर दोन डिस्कची नावं एकाखाली एक आली, आणि दोन्ही नावं म्हणजे सारखेच दिसणारे लांबलचक आकडे. इमेज कुठून घ्यायची आणि कुठे ओतायची, एवढंच त्यात ठरवायचं होतं. उलटं झालं तर कोरी डिस्क कोरीच राहील आणि भरलेलीही कोरी होईल. खाली लाल अक्षरांत प्रश्न होता: निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. खात्री आहे?

रीस्टार्टरावांना जन्मभर कधी कशाबद्दल शंका आली नव्हती. त्यांचं बोट बटणाकडे निघालं.

"थांबा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "काळीवरून नवीवर! नवीवरून काळीवर नाही!"

"अगं, त्यांना कळतंय ना," डॉक्टर म्हणाले.

"कळतंय कुठे? अरे, तू नाव वाच ना आधी! कायम असंच, न वाचता हो म्हणायचं!"

"मी न वाचता हो म्हणतो? आणि तू? तू वाचतेस आणि मग नाही म्हणतेस!"

"बरं झालं म्हणते ते!"

रीस्टार्टरावांनी नावं वाचली. ती उलटी होती. त्यांनी काही न बोलता ती सुलटी केली, जणू तेच करायला बोट निघालं होतं. अहो-जाहो कुठल्या क्षणी गळून पडलं ते दोघांच्या लक्षातही आलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या वकीलसाहेबांच्या आलं. त्यांनी हे संवाद फी घेऊन ऐकले होते.

हिरवी पट्टी सरकू लागली. मध्येच अडली, पुन्हा सरकली, आणि शेवटच्या टोकाला येऊन अशी बसली की तिला आता तिथेच मुक्काम करायचाय. अखेर पट्टी भरली. मशीन बंद होऊन चालू झालं.

पडद्यावर आधी फोटो आला. दवाखान्याच्या दारात दोघं, नव्याकोऱ्या पांढऱ्या एप्रनमध्ये. डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून सगळे दात काढून हसत होते, आणि डॉक्टरबाई डॉक्टरांकडे बघून. खाली दवाखान्याचं जुनं नाव, दोघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेलं. मधलं दीडेक वर्ष त्या मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात काही गेल्यासारखं केलं, आणि त्यांना ते वाटलं तितकं चांगलं जमलं नाही.

"हे आधी बदला," डॉक्टर म्हणाले.

"बदलतो. आधी एक्स-रे चालतो का बघू. नेट जोडतो," रीस्टार्टराव म्हणाले आणि त्यांनी नेट जोडलं.

इमेज मेसेज बंद करण्याच्या आधी घेतलेली होती, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. प्रोग्राम प्रामाणिक होता. तो डोळे उघडतो तर काय, कितीतरी महिने पेशंटांना तपासणीची आठवणच गेलेली नाही. मागे पडलेलं काम त्याने लगेच हातात घेतलं.

पहिला फोन बाहेर वाजला. वकीलसाहेबांनी मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि बधिर तोंडाने आत डोकावून म्हणाले, "माझं हगळं काम फुकट गेलं का?"

मेसेज असा होता: "आपल्या दातांच्या तपासणीची वेळ झाली आहे. आम्ही दोघंही आपली वाट पाहत आहोत." खाली दोघांची नावं. तो मजकूर डॉक्टरांनीच कधीकाळी लिहिला होता, आणि "दोघंही" या शब्दावरून तेव्हा त्यांचं कौतुक झालं होतं.

"बंद करा! बंद करा ते!" दोघंही एका सुरात ओरडले. रीस्टार्टरावांनी बंद केलं. तोपर्यंत मेसेज सगळ्या पेशंटांना गेला होता, वरच्याही आणि खालच्याही, शिवाय जे दोघांनाही सोडून गेले होते त्यांनाही.

एखाद्या दुखण्यावर इलाज सापडला तरी लोक इतक्या वेगाने येत नाहीत. जिना भरला. ज्यांचे दात ठणठणीत होते ते आधी आले. कोणी फुलं आणली. एक काकू म्हणाल्या, "आम्हाला माहीतच होतं." त्यांना काय माहीत होतं ते विचारायची सोय नव्हती. डॉक्टर पायरीवर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "ही तांत्रिक चूक आहे. कॉम्प्युटरची चूक आहे."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," काकूंनी समजुतीने मान डोलावली.

मग डॉक्टरांच्या आई आल्या. नवी साडी नेसून, कवळी लावून, डोळ्यांत पाणी घेऊन.

"आई, असं काही नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"बरं."

"अहो खरंच नाहीये, सासूबाई," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि जीभ चावली.

"सासूबाई म्हणालीस ना? झालं तर मग," म्हणत त्या बाकावर ऐसपैस बसल्या.

या गर्दीत, भिंतीला टेकून, गालावर फडकं धरलेला बेकरीवाला उभा होता. फडकं काढलं तेव्हा काकूसुद्धा गप्प झाल्या. जबडा सुजून मानेपर्यंत लाल झाला होता, तोंड धड उघडत नव्हतं आणि अंगात ताप होता.

"इतके दिवस आला का नाहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बेकरीवाला शब्द ओढत बोलला. "तुमच्याकडे यावं तर डॉक्टरांना वाईट वाटेल. त्यांच्याकडे जावं तर तुम्हाला. मग म्हटलं, एका बाजूने चावता येतंय ना. आज मेसेज आला, दोघंही आहात. म्हणून आलो."

डॉक्टर आणि डॉक्टरबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. आपला समजूतदारपणा गावात इतका नावाजला होता याची त्यांना कल्पना नव्हती.

त्याला डॉक्टरांच्या खुर्चीत घेतलं. बेकरीवाला भट्टीत हात घालायला भीत नसे, पण सुई दिसताच दाराकडे निघाला. डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि पावाबद्दल विचारायला सुरुवात केली: पीठ किती वेळ भिजवायचं, भट्टी किती तापवायची, कडा का करपतात. उत्तर द्यायला बेकरीवाल्याने जेमतेम तोंड उघडलं आणि डॉक्टरबाईंची सुई आत जाऊन बाहेरही आली. त्याला कळलं नाही. एक्स-रे काढला, जुन्या प्रोग्रामने तो निमूटपणे दाखवला. डॉक्टरबाईंनी पू काढून टाकला, डॉक्टर शोषणनळी धरून उभे राहिले. कुणाला काय हवंय ते न मागता हातात येत होतं. भांडायला ड्रिल हाताशी असूनही कोणी भांडलं नाही.

"अजून थोडे दिवस थांबला असतात तर श्वास कोंडला असता," डॉक्टरबाईंनी त्याला बजावलं आणि तडक मोठ्या इस्पितळात पाठवलं. वकीलसाहेब त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेले. दाढ अर्धी राहिलीच होती, पण म्हणाले, त्याची घाई नाही.

दुपारनंतर जिना रिकामा झाला. डॉक्टरबाई काळी डिस्क छातीशी धरून खाली उतरल्या तेव्हा फारच खुशीत होत्या. माणूस खुशीत असला की त्याला मिरवण्याची हौस येते.

"रीस्टार्टराव, आता आलाच आहात तर माझ्या शुक्रवारच्या इमेज बघून घ्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्हीही या ना. बॅकअप कसा असतो ते एकदा बघून ठेवा."

डॉक्टर खाली येऊन मागे उभे राहिले. रीस्टार्टरावांनी ताजी इमेज उघडली. पडद्यावर आलं: फाइल अपूर्ण आहे. त्यांनी आधीच्या शुक्रवारची उघडली. अपूर्ण. त्याच्या आधीची, आणखी मागची. सगळ्या अपूर्ण.

"डिस्क भरलीये," रीस्टार्टराव म्हणाले. "कधीपासूनच भरलीये. जुनी इमेज पहिली होती, म्हणून ती तेवढी पूर्ण. प्रोग्राम दर वेळी सांगत असणार की. खाली एक छोटी चौकट येते."

"ती चौकट?" डॉक्टरबाईंचा आवाज बारीक झाला. "ती मी ओके म्हणून बंद करते."

"वाचून?"

डॉक्टरबाईंचं लक्ष पाठीमागे होतं. आता येईल, आता येईल म्हणून त्या खांदे आवळून बसल्या होत्या. पण डॉक्टर काही बोललेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते योग्य वेळी गप्प बसले होते, आणि डॉक्टरबाईंना नेमकं तेच सहन होईना.

"बोल ना!"

"काय बोलू?"

"जे वाटतंय ते. न वाचता हो म्हणणारा माणूस कोण, ते."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मला वाटतंय," ते म्हणाले, "वर एक मोठी डिस्क रिकामी पडली आहे, बॅकअपसाठी घेतलेली. आणू का?"

ते पुन्हा एकत्र आले का, असं लोक अजून विचारतात. नाही आले. मेसेज चुकून गेल्याचा खुलासा दोघांनी वेगवेगळा पाठवला, आणि दोन्हीकडचे शब्द इतके सारखे निघाले की कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. रीस्टार्टराव हल्ली स्वतःची ओळख "इमेजतज्ज्ञ" अशी करून देतात, आणि त्या दिवशी डिस्कची नावं आपणच वेळेवर ओळखली असं सांगतात. डॉक्टरांच्या आईंनी स्वतःपुरता निकाल देऊन टाकला आहे.

एवढं मात्र ठरलं की इमेज नुसती घ्यायची नाही, ती ओतून बघायची, आणि एकाची इमेज दुसऱ्याने ओतायची, कारण स्वतःवर विश्वास ठेवण्याचे दिवस दोघांचेही संपले होते. पहिल्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत एक टाकाऊ कॉम्प्युटर त्यासाठी मांडला आहे. दर शुक्रवारी एक वरून उतरतो, एक खालून चढते. पट्टी सावकाश सरकते, म्हणून तिथे दोन स्टुलं आली. उभं राहून भांडणं दोघांनाही आता झेपत नाही.

गेल्या शुक्रवारी पट्टी केव्हाच भरली होती. मशीन चालू होऊन गुपचूप बसलं होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून दोघं हातवारे करत होते, कुणी भरलेली दाढ जास्त टिकते यावर. रीस्टार्टराव जिन्यावरून चालले होते. त्यांनी उघड्या दारातून पडदा पाहिला, पण काम झाल्याचं काही सांगितलं नाही. घाईत होतो, असं ते म्हणतात.